कच्ची वाट आणि पक्की नोंद



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या शाळेत गणित आणि जमाखर्च हे विषय शिकविले. नोंद कशी करावी, केव्हा करावी आणि केलेली नोंद पुरी झाली असे केव्हा मानावे, याविषयी ते फार काटेकोर असत. त्यांच्या स्मरणार्थ बोलताना मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने संगणकाच्या अंतरंगातील विषय निवडावा, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. माझा अधिकार भाषेपुरता आहे, हे मी जाणतो. परंतु हा विषय मुळात लिहिण्यासंबंधीचा आणि लिहिलेले टिकण्यासंबंधीचा आहे, आणि ते क्षेत्र आमच्या शास्त्राला परके नाही. यंत्राच्या बाजूच्या माझ्या शंका, अभियांत्रिकी महाविद्यालयात हा विषय शिकविणाऱ्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याने फेडल्या आहेत.

प्रश्न साधा आहे. संगणक जेव्हा 'लिहिले' असे सांगतो, तेव्हा ते कोठे लिहिलेले असते? या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत, आणि कोणते उत्तर खरे ठरेल हे लिहिणारा कोणत्या वाटेने गेला यावर अवलंबून असते. या दोन वाटांना संगणकशास्त्रात 'रॉ' आणि 'बफर्ड' अशी नावे आहेत. त्यांतील भेद उलगडून सांगणे एवढाच आजचा माझा हेतू आहे.

एका चकतीची दोन नावे

संगणकापाशी दोन प्रकारची स्मृती असते. एक अत्यंत चपळ, पण वीज गेली की पुसली जाणारी. दुसरी तिच्या मानाने मंद, पण वीज गेली तरी टिकणारी. ही दुसरी म्हणजे चकती, आणि आता तिच्या जागी आलेले पेनड्राइव्ह, एसएसडी इत्यादी. या दोहोंमधील देवघेव पाहणारा जो कारभारी, त्याचे नाव ऑपरेटिंग सिस्टीम. आपण पत्र लिहितो किंवा हिशेब मांडतो तो ज्या प्रोग्रॅममध्ये, तो प्रोग्रॅम स्वतः चकतीला कधीच हात लावत नाही. तो कारभाऱ्याकडे अर्ज करतो आणि कारभारी काम करून देतो.

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमची रचना आरंभिली. तिच्यातील एक कल्पना पुढे जगभर रुजली. प्रत्येक उपकरण हे जणू एक फाइलच आहे, असे मानावे आणि त्या फाइली 'डेव्ह' नावाच्या एका कप्प्यात मांडून ठेवाव्या, अशी ती कल्पना. या कप्प्याची यादी मागितली असता प्रत्येक ओळीच्या आरंभी एक अक्षर दिसते. ते 'बी' असेल तर उपकरण ब्लॉक जातीचे, 'सी' असेल तर कॅरेक्टर जातीचे. साध्या फाइलीच्या ओळीत जेथे आकारमान लिहिलेले असते, तेथे उपकरणाच्या ओळीत दोन क्रमांक असतात. पहिला सांगतो की हे उपकरण चालविणारी प्रणालिका, म्हणजे ड्रायव्हर, कोणती. दुसरा सांगतो की त्या जातीच्या उपकरणांपैकी हे कितवे.

आता गंमत अशी की एकाच चकतीची दोन नावे या कप्प्यात असत, एक 'बी' अक्षराचे आणि एक 'सी' अक्षराचे. युनिक्सच्या १९७५च्या सहाव्या आवृत्तीत 'आरके' नावाची चकती होती. तिच्यात ५१२ बाइटांचे ४८७२ गाळे मावत, म्हणजे एकंदर सुमारे अडीच मेगाबाइट. तिच्या नावामागे आणखी एक 'आर' लावला की तिचे दुसरे नाव तयार होई. तो 'आर' म्हणजे 'रॉ'. नाव कोणतेही घेतले तरी लोखंड तेच, गाळे तेच. मात्र कारभाऱ्याच्या दप्तरी ड्रायव्हरांच्या दोन स्वतंत्र याद्या असत. अक्षर पाहून तो यादी निवडी, क्रमांक पाहून यादीतील ओळ निवडी, आणि त्याप्रमाणे काम कोणत्या वाटेने जायचे ते ठरे. ऑपरेटिंग सिस्टीम कच्चे आणि राखीव असा भेद करते तो एवढ्या साध्या खुणेने.

कॅरेक्टर या शब्दाने मात्र गैरसमज होऊ देऊ नये. कळफलक हे उपकरण खरोखरच एकेक अक्षर पुढे पाठविते, म्हणून त्याला ते नाव शोभते. चकती अक्षरशः एकेक वर्ण कधीच देत नाही. तिची देवघेव नेहमी गाळ्यांतच होते. येथे 'सी' या अक्षराचा अर्थ इतकाच, की हे उपकरण कारभाऱ्याच्या मधल्या साठ्याला वळसा घालून जाते.

कोठी आणि डबे

हा मधला साठा म्हणजे काय, ते आपल्या घरातील व्यवस्थेवरून कळेल. धान्याची कोठी आत अंधारात असते. मूठभर तांदूळ हवे झाले म्हणून गृहिणी दर वेळी कोठीत उतरत नाही. स्वयंपाकघरातील मांडणीवर डबे असतात. कोठीतून एकदा डबा भरून आणला की आठवडाभर काम त्या डब्यावर चालते. बफर म्हणजे चपळ स्मृतीत मांडून ठेवलेला असा डबा. प्रोग्रॅमने चकतीवरील एखादा गाळा मागितला की कारभारी प्रथम डबे पाहतो. तेथे तो असेल तर लगेच देतो; नसेल तर चकतीवरून आणून आधी डब्यात भरतो आणि मग देतो. कोणी ओळीने वाचीत चालला आहे असे दिसले, तर पुढचा गाळा न मागताच आणून ठेवतो. डबे भरले की जो फार दिवस उघडला गेला नाही तो रिकामा करून नव्या गाळ्यासाठी वापरतो.

या व्यवस्थेने किती वेळ वाचतो? मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या चकतीला एक फेरा पुरा करण्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. तेवढ्या अवधीत चपळ स्मृतीकडे ८०,०००च्या आसपास खेपा होऊ शकतात. म्हणून हे डबे फार थोडे असले तरी फार उपयोगी पडतात. सहाव्या आवृत्तीत असे डबे अवघे १५ होते, प्रत्येकी ५१२ बाइटांचे. म्हणजे साऱ्या व्यवस्थेला साडेसात किलोबाइट पुरत. जॉन लायन्स या ऑस्ट्रेलियातील प्राध्यापकांनी १९७७ साली या आवृत्तीवर ओळीओळीने टीका लिहिली, आणि पुढे तिचा वर्गात वापर करण्यास बंदी आली तेव्हा विद्यार्थ्यांनी ती प्रतीवरून प्रती काढून वाचली. आपल्या पोथ्यांचा प्रवास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात नवे काही वाटणार नाही. आजच्या संगणकांत याच कामासाठी कित्येक गिगाबाइट स्मृती खर्ची पडते.

वाचण्यापुरते हे सारे निर्धोक आहे. लिहिण्याच्या बाबतीत मात्र निराळी गोष्ट घडते. प्रोग्रॅमने 'हे लिही' म्हटले की कारभारी मजकूर डब्यात ठेवतो आणि 'लिहिले' असे उत्तर देतो. चकतीवर तो सवडीने, आपल्या सोयीच्या क्रमाने नेतो. त्याच गाळ्यात पुन्हा काही लिहिले गेले तर दोन खेपांचे काम एका खेपेत भागते. हा विलंब अमर्याद राहू नये म्हणून युनिक्समध्ये 'अपडेट' नावाचा एक प्रोग्रॅम दर ३० सेकंदांनी सारे डबे चकतीवर रिते करण्याची आठवण देई. आजच्या लिनक्समध्येही न उतरलेला मजकूर डब्यात किती जुना होऊ द्यायचा याची सर्वसाधारण मर्यादा ३० सेकंदच आहे.

कच्चे म्हणजे काय

दुसरी वाट या डब्यांना स्पर्श करीत नाही. प्रोग्रॅमच्या हातातील मजकूर थेट चकतीकडे जातो, आणि ती देवघेव संपेपर्यंत प्रोग्रॅम थांबून राहतो. एक अर्ज, एक खेप. या वाटेवर सवलती नाहीत. मजकूर गाळ्याच्या पटीतच द्यावा लागतो, ५१२ बाइटांच्या ठिकाणी ५०० चालत नाहीत. आणि स्मृतीत तो ठरलेल्या सीमेपासूनच सुरू व्हावा लागतो. पुढचे आणून ठेवणारा कोणी नाही, दोन खेपा एकत्र करणाराही कोणी नाही. मोठा मजकूर एकदम हलवायचा असेल तर ही वाट फार सरळ पडते, कारण डब्यात भरणे आणि डब्यातून काढणे हा दुहेरी खटाटोप टळतो. फुटकळ कामाला मात्र ती महाग पडते.

'रॉ' या शब्दाला आपण 'कच्चे' म्हणू. पण येथे भाषेच्या अभ्यासकाला थोडे थांबावे लागते. कच्चे फळ, कच्चा खर्डा, कच्चा रस्ता, कच्चा कैदी या साऱ्या प्रयोगांत एक समान अर्थ आहे: ज्याचा अखेरचा निकाल लागलेला नाही ते कच्चे. चकतीच्या बाबतीत हा अर्थ उलटा होतो. कच्च्या वाटेने गेलेला मजकूर चकतीकडे पोचलेला असतो, तर संस्कारित, सोयीच्या वाटेने गेलेला मजकूर काही काळ डब्यात अधांतरी असतो. कच्ची आहे ती वाट. तिच्याने होणारी नोंद अधिक पक्की. एवढे ध्यानी आले म्हणजे या विषयातील निम्मी अडचण संपते.

न पोचलेला मजकूर

या भेदाने कोणाचे काय बिघडते, असे कोणी विचारील. आपल्या ग्वाल्हेरात हे विचारण्याचे कारण नाही. शिंदे दरबारचे मोडी कागद हे या नगरीचे धन आहे. गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेली महादजी शिंदे यांच्यासंबंधीची पत्रे १९३७ साली येथेच छापली गेली. आजही जुने कागद वाचून त्यांचे देवनागरी लिप्यंतर संगणकावर उतरविण्याचे काम ठिकठिकाणी चालते. काही वर्षांपूर्वी अशाच एका कामाच्या ठिकाणी मी सल्लागार म्हणून जात असे. त्या संस्थेचे नाव येथे अप्रस्तुत आहे. एका दुपारी वीज गेली. संगणक पुन्हा सुरू केल्यावर त्या दिवशीच्या लिप्यंतराची फाइल नावाने जागेवर होती, पण आत एकही अक्षर नव्हते. टंकलेखन करणारी मुलगी पुनःपुन्हा सांगत होती की तिने मजकूर जतन केला होता आणि तसे पडद्यावर दिसलेही होते. वरिष्ठांनी ते मानले नाही. हलगर्जीपणाचा ठपका तिच्या नावावर बसला आणि महिनाअखेर तिचे काम गेले.

ती मुलगी खरे बोलत होती, हे मला पुढे हा विषय समजून घेताना कळले. फाइलीचे नाव आणि फाइलीतील मजकूर या चकतीवरील दोन निरनिराळ्या नोंदी असतात. कारभारी त्या आपल्या सोयीच्या क्रमाने उतरवितो. नाव आधी पोचले आणि मजकूर डब्यात असतानाच वीज गेली, तर मागे राहते ते कोरे नाव. लिनक्सच्या एका नव्या फाइलव्यवस्थेत हा प्रकार इतका दिसू लागला की २००९ साली त्यावर मोठी चर्चा होऊन काही नेहमीच्या प्रसंगांपुरता क्रम सुधारून घ्यावा लागला. यंत्राच्या दृष्टीने त्यात बिघाड नव्हता. 'लिहिले' या शब्दाचा यंत्राचा अर्थ आणि माणसाचा अर्थ यांत अंतर होते, आणि त्याची किंमत एका निरपराध मुलीने दिली.

कीर्द आधी, खतावणी मागून

हिशेबाच्या धंद्याने हे अंतर फार पूर्वी ओळखले होते. आपल्याकडील जुना व्यापारी व्यवहार होताच तो रोजकीर्दीत लिही आणि मग सवडीने खतावणीत प्रत्येकाच्या खात्यावर उतरवी. खतावणी अपुरी राहिली तरी बिघडत नाही. कीर्द शाबूत असेल तर ती पुन्हा मांडता येते. पण खतावणी आधी लिहिली आणि कीर्द राहून गेली, तर ताळा लागत नाही. या क्रमावरच साऱ्या हिशेबाची विश्वासार्हता उभी असते.

आज बँकांचे, रेल्वेचे, रुग्णालयांचे व्यवहार सांभाळणारे डेटाबेस नेमके हेच करतात. बदल आधी एका ओळीने चालणाऱ्या नोंदवहीत, मग मुख्य तक्त्यात. या पद्धतीची सर्वांत प्रसिद्ध मांडणी १९९२ साली आयबीएमच्या संशोधन केंद्रातील सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'एरीज' या नावाने केली. आता अडचण पाहा. नोंदवही आधी आणि तक्ता मागून असा क्रम डेटाबेसने कितीही कटाक्षाने पाळला, तरी मधला कारभारी जर डबे आपल्या सोयीने रिते करणार असेल, तर तो क्रम चकतीवर टिकेल याची हमी काय? कॅलिफोर्निया विद्यापीठाचे मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८१ साली एका गाजलेल्या लेखात हीच तक्रार मांडली. ऑपरेटिंग सिस्टीमची सोय डेटाबेसच्या उपयोगी पडत नाही, कारण कोणता गाळा लवकर लागेल आणि कोणता कोणाच्या आधी उतरला पाहिजे हे डेटाबेसलाच ठाऊक असते, असा त्यांचा मुद्दा होता.

म्हणून १९८० आणि १९९०च्या दशकांत ओरॅकल, सायबेस, इन्फॉर्मिक्स यांसारख्या डेटाबेसांना चकतीचा एखादा भाग कच्चा ठेवून देण्याची प्रथा पडली. आपल्याकडे १९८४ साली डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाचा अहवाल दिला आणि त्यानंतरच्या वर्षांत कित्येक शाखांतून युनिक्सवर चालणारे संगणक आले. पासबुकावर छापल्या जाणाऱ्या आकड्यामागे या साऱ्या क्रमाची चिंता उभी होती, याची आपणांस कल्पनाही नव्हती.

जेथे मजकूर डब्यांतूनच जातो, तेथेही एक उपाय आहे. 'एफसिंक' नावाची आज्ञा दिली की कारभाऱ्याला त्या फाइलीचा सारा मजकूर चकतीवर पोचवूनच उत्तर द्यावे लागते. मराठी दप्तरात पत्राच्या अखेरीस 'मोर्तब सूद' अशी मुद्रा उठे. मजकूर येथे संपला, यापुढे कोणी काही वाढविले तर ते ग्राह्य नाही, असा तिचा अर्थ. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण अजून वापरतो. एफसिंक ही संगणकाची मोर्तब होय.

दोन दारांचा धोका

खोली एक आणि दारे दोन असली म्हणजे दोन्ही दारांनी एकाच वेळी ये-जा करू नये. चकतीवरील फाइली नेहमीच्या वाटेने वापरात असताना कोणी कच्च्या वाटेने त्याच चकतीवर लिहिले, तर डब्यातील मजकूर आणि चकतीवरील मजकूर यांत विसंगती येते. कारभाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. तो पुढे आपला जुना डबा त्या नव्या मजकुरावर ओततो. म्हणून चकतीची तपासणी आणि दुरुस्ती करणारा 'एफएससीके' हा प्रोग्रॅम जुन्या युनिक्समध्ये कच्च्या नावाने चालवीत, पण ती चकती वापरातून बाजूला काढूनच.

पुढे या दोन दारांचे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. २००० सालच्या फ्रीबीएसडी ४.० या आवृत्तीने चकतीचे डब्यांतून जाणारे नावच काढून टाकले. डब्यांमुळे लिहिण्याचा क्रम बदलतो आणि चूक झाल्यास ती कोणाची हे सांगता येत नाही, हे त्याचे कारण. फाइलींसाठी डबे तेथेही राहिले. लिनक्स उलट बाजूने आले. त्यात आरंभी केवळ डब्यांची वाट होती, २००१च्या २.४ आवृत्तीत कच्चे नाव आले, पाठोपाठ कोणतीही फाइल उघडतानाच 'थेट' असे सांगण्याची 'ओ-डायरेक्ट' ही सोय झाली, आणि तीमुळे निरुपयोगी ठरलेले कच्चे नाव २०२१ साली ५.१४ आवृत्तीत निवृत्त झाले. ॲपलच्या मॅकवर मात्र 'डिस्क' आणि 'आरडिस्क' अशी जोडनावे अद्याप नांदत आहेत. नावे गेली तरी भेद गेलेला नाही, तो उघडण्याच्या आज्ञेत जाऊन बसला आहे.

शिक्कामोर्तबीवरही डोळे मिटून विसंबता येत नाही, हे २०१८ साली दिसले. पोस्टग्रेस या प्रसिद्ध डेटाबेसच्या लेखकांच्या ध्यानात आले की चकतीने मजकूर नाकारला तर लिनक्स ती चूक एकदा कळविते आणि डबा 'उतरला' असे समजून मोकळे होते. डेटाबेसने पुन्हा एफसिंक केले की उत्तर येई 'ठीक'. मजकूर मात्र कोठेच नसे. २०१९पासून पोस्टग्रेसने असा पवित्रा घेतला की एफसिंक एकदा जरी फसले तरी काम थांबवावे आणि नोंदवहीवरून सारे पुन्हा मांडावे. कीर्दीचा आधार येथेही कामी आला. शिवाय चकतीच्या पोटातही तिचे स्वतःचे छोटे डबे असतात. कच्ची वाट कारभाऱ्याचे डबे टाळते, चकतीचे नव्हे. ते रिते करण्याची आज्ञा वेगळी द्यावी लागते.

आपण काय करावे

ज्यांना या विषयात खोल जायचे असेल, त्यांच्यासाठी मराठी माणसांनी लिहिलेली इंग्रजी पाठ्यपुस्तके आहेत. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. धनंजय ढमढेरे यांची, तसेच अच्युत गोडबोले यांची ऑपरेटिंग सिस्टीमवरील पुस्तके भारतभर अभ्यासली गेली. आपल्या ग्वाल्हेरातही १९९७पासून अटलबिहारी वाजपेयी यांच्या नावाची माहिती तंत्रज्ञान संस्था आहे. या शाळेतील मुलांना ती वाट दूरची नाही.

इतरांसाठी तीन गोष्टी पुरेत. पेनड्राइव्ह उपटण्यापूर्वी तो सुरक्षितपणे काढण्याची आज्ञा द्यावी; ती आज्ञा म्हणजे डबे रिते करण्याचा निरोप असतो. विंडोजने २०१८पासून पेनड्राइव्हपुरते विलंबाचे धोरण आपणहून बंद ठेवले आहे, तरी सवय मोडू नये. ज्या ठिकाणी जुने कागद, निकालपत्रके किंवा नोंदवह्या संगणकावर उतरविल्या जातात, तेथे वीज गेल्यावरही काही मिनिटे यंत्र चालू ठेवणारी बॅटरी असावी. ३० सेकंदांच्या अंतरासाठी ती पुष्कळ होते. आणि तिसरी, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते: मजकूर हरवला तर लिहिणाऱ्याला दोष देण्यापूर्वी तो कोणत्या वाटेने गेला होता आणि त्यावर मोर्तब झाली होती काय, हे विचारावे.

ज्याने लिहिले त्याच्यावर विश्वास ठेवावा आणि लिहिलेले पोचले की नाही ते स्वतंत्रपणे तपासावे, हा जमाखर्चाचा जुना नियम आहे. गुरुजींनी तो या शाळेच्या कित्येक पिढ्यांना शिकविला. यंत्रे बदलली तरी त्या नियमात बदल करण्याचे कारण मला दिसत नाही.